शिवार आणि गोठा : प्रदेशाप्रदेशांची सुटत चाललेली सांगड

(पुणे येथे ‘पीक, पशू आणि प्रदेश’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



वसुबारसेच्या संध्याकाळी पुण्यातील अनेक कुटुंबे सवत्स धेनूच्या पूजनासाठी बाहेर पडतात. जवळपास कोणाकडे गाय आहे याची चौकशी होते, ओवाळणी होते, नैवेद्य दाखविला जातो. घरातील मुलांना या निमित्ताने वर्षातून एकदा का होईना, गाय जवळून पाहावयास मिळते. ही श्रद्धा मोलाची आहे. परंतु त्या गाईपुढे उभे असताना दोन प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. ही गाय कोणत्या प्रदेशातली? आणि तिच्या दावणीला जी वैरण पडते, ती कोणत्या पिकाची? आजच्या चिंतनाचा विषय या दोन प्रश्नांत सामावलेला आहे.

शहरी मनात शेती हा एक विषय असतो आणि पशुपालन हा दुसरा. भाजी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून येते आणि दूध पिशवीतून, एवढाच त्यांचा परिचय. आपल्या परंपरेने मात्र या दोहोंचा विचार कायम एकत्र केला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यकारभाराच्या एकाच अधिकरणात शेतीचा प्रमुख ‘सीताध्यक्ष’ आणि गोधनाचा प्रमुख ‘गोऽध्यक्ष’ यांची कर्तव्ये सांगितली आहेत. बैल नांगर ओढतो, नांगरामुळे पीक येते, पिकाचे धान्य माणसाला आणि काड जनावराला जाते, जनावराचे शेण पुन्हा मातीला मिळते. हे वर्तुळ प्रत्येक प्रदेशाने आपापल्या पावसानुसार आणि मातीनुसार वेगळे आखले. ते कसे आखले गेले, कोठे तुटले आणि पुन्हा कसे सांधता येईल, हे समजून घेतल्याशिवाय गोरक्षणाची भाषा अपुरी राहील.

एका जिल्ह्याच्या पोटात तीन शेती

कृषिशास्त्रज्ञांनी महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग पाडले आहेत. त्यांपैकी काही पाहण्यासाठी पुणेकराला जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. पुणे शहरात तो सुमारे सातशेवर येतो आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास उरतो. पश्चिमेच्या घाटापासून पूर्वेच्या सीमेपर्यंत दोनशे किलोमीटरही भरत नाहीत. पण तेवढ्या अंतरात शेतीची तीन रूपे बदलतात.

मुळशी, मावळ आणि भोरचा पश्चिम भाग म्हणजे भाताचा प्रदेश. येथील आंबेमोहोराचा सुगंध पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात दरवळला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला ‘इंद्रायणी’ हा त्याच आंबेमोहोराच्या कुळातला. या पट्ट्यात शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजायचा, त्यावर रोपे वाढवायची, चिखलणी करून लावणी करायची आणि काढणीनंतर पेंढा गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवायचा, असा क्रम. पुढे हवेली, पुरंदर, खेड आणि जुन्नरच्या पठारावर बाजरी, कडधान्ये, भाजीपाला आणि पुरंदरचे अंजीर-सीताफळ येते. त्याही पूर्वेला, जेथे पाऊस बेभरवशाचा, तेथे परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली रब्बीची ज्वारी हाच खरा आधार.

या ज्वारीची एक कथा उद्बोधक आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. उत्पादन भरघोस, पण ताट बुटके. रब्बीच्या शेतकऱ्याने मात्र आपली मालदांडी सोडली नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तो आजही पेरतो. कारण त्याच्या हिशेबात धान्याच्या पोत्याइतकेच वजन कडब्याच्या पेंडीला होते. भाकरी घरच्यांसाठी आणि कडबा खिलारीसाठी, असा विचार करून तो बियाणे निवडत होता. ज्याला अडाणी म्हटले गेले, तो शेतकरी पिकाकडे एका संपूर्ण व्यवस्थेचा घटक म्हणून पाहत होता.

मातीने घडविलेली जनावरे

महाराष्ट्राचा गोवंश पाहिला की प्रत्येक जातीवर तिच्या प्रदेशाचा ठसा स्पष्ट दिसतो. नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यात, इगतपुरी-अकोले भागात डांगी गाय आहे. तिची कातडी तेलकट आणि खूर काळे, टणक. धो-धो पावसात भिजूनही ती आजारी पडत नाही आणि भातखाचराच्या चिखलात तिचे बैल खूर न सडता काम करतात. अकोले तालुक्यातील राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा संग्रह उभारला आणि त्या कार्याचा पद्मश्रीने गौरव झाला. जेथे गाय टिकली त्याच डोंगरात बियाणेही टिकले, हा योगायोग मानता येणार नाही.

माणदेश, सांगोला, आटपाडीकडे खिलार आहे. उंच, चपळ, लांब शिंगांचा, कोरड्या हवेत कमी वैरणीवर दिवसभर चालणारा. मराठवाड्याच्या काळ्या रानात, लातूर-उदगीर भागात देवणी आहे. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा अशी तिच्या रंगठिपक्यांवरून पडलेली नावे तिकडचा शेतकरी सहज सांगतो. तिचा बैल नांगराला चालतो आणि गाय घरापुरते दूधही देते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात तांबडी लाल कंधारी. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा म्हणजे या साऱ्या पशुधनाचे मोठे संमेलनच.

विदर्भात वर्धा जिल्ह्यातील आर्वी-आष्टी-कारंजा हा गवळाऊ जातीचा मुलूख. नागपूरकर भोसल्यांच्या काळात सैन्याचे सामान वेगाने नेण्यासाठी या बैलांची ख्याती होती, असे पशुतज्ज्ञ नोंदवितात. याच आर्वीत १९२० साली दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म झाला. भारतीय मजदूर संघानंतर १९७९ मध्ये त्यांनी भारतीय किसान संघ उभा केला. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकते आणि धानाची तणस गोठ्यात जाते. कोकणातील डोंगरउतारावर लहान चणीची कोकण कपिला आहे. तिला मोठ्या गाईचे खाणे झेपणार नाही आणि मोठ्या गाईला तिच्या पाऊलवाटा झेपणार नाहीत. म्हशींतही हाच न्याय. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस कोरड्या वैरणीवर दूध देते आणि कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची रीत याच म्हशींनी प्रसिद्ध केली.

सणांच्या तिथींतही हा भेद उमटला आहे. दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर येतो, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा आणि पुणे जिल्ह्याच्या काही गावांत भाद्रपदी पोळा. बैलाचा सण एक. पण तिथी त्या त्या मुलुखाची.

मेंढपाळाची वाट

या सांगडीचा सर्वांत विलक्षण आविष्कार धनगरांच्या भ्रमंतीत दिसतो. फलटण, माण, बारामती भागातील धनगर दिवाळीच्या सुमारास दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात. त्या वेळी कोकणात भाताची कापणी झालेली असते आणि खाचरे मोकळी असतात. तेथे मेंढ्या बसविल्या जातात. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत्र यांनी शेत खतावते आणि त्याच्या मोबदल्यात शेतकरी धनगराला धान्य अथवा पैसे देतो. पावसाळ्यापूर्वी कळप पुन्हा घाट चढून कमी पावसाच्या माळावर परततात, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. एका प्रदेशाची उणीव दुसऱ्याच्या विपुलतेने भरून निघते. कोणत्याही सरकारी योजनेशिवाय दोन हवामानांना जोडणारी ही व्यवस्था समाजाने स्वतः निर्माण केली.

तिचे प्रतिबिंब आपल्या देवतेतही आहे. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. पुण्यात दीर्घकाळ अभ्यास केलेले जर्मन विद्वान गुंथर सोन्थायमर यांनी या दैवताच्या मागे स्थिरावलेला समाज आणि फिरता पशुपालक यांचे नाते उलगडून दाखविले. आपल्याकडील अनपढ भक्तालाही ते नाते ठाऊक होते. ज्याच्या देव्हाऱ्यात हा देव आहे, त्याला गावकरी आणि मेंढपाळ यांच्यात भेद करताच येत नाही. धनगर समाजातून आलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली. त्यांच्या समाजाच्या या वाटा मात्र रस्ते, कुंपणे आणि वसाहती यांनी अडत चालल्या आहेत. काळ्या लोकरीच्या घोंगडीला गिऱ्हाईक उरलेले नाही, त्यामुळे दख्खनी मेंढी पाळण्याचे एक कारणही कमी झाले आहे.

सांगड कशी सुटली?

येथे कोणा एकाला दोषी ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. प्रत्येक बदलामागे खरी गरज होती.

पहिला बदल पाण्याचा. नीरा डाव्या कालव्याने १८८० च्या दशकात बारामतीकडे पाणी नेले. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाने ग्रामीण महाराष्ट्राला शाळा, दवाखाने आणि पत दिली. पण ऊस दावणीसाठी फारसे काही ठेवत नाही. हंगामात वाढे मिळतात आणि पाचट बहुधा पेटविले जाते. वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे जनावराच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते, असे पशुवैद्यक सांगतात. २०१८-१९ च्या दुष्काळात माणदेश, बीड, सोलापूरकडे चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा ज्वारीच्या मुलुखातील जनावरे मोठ्या प्रमाणावर उसावर जगविण्यात आली. ज्या रानात कडब्याच्या गंजी असावयाच्या, तेथे ऊस ट्रकने आणावा लागला.

दुसरा बदल पिकाचा. विदर्भ-मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनला बाजार होता, नगद पैसा होता आणि दाणे टिपणाऱ्या पाखरांची राखण नव्हती. परंतु ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करू शकत नाही. वैरण महागली तेव्हा बैलजोडी विकणे हाच शहाणपणा ठरला आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला.

तिसरा बदल धारणक्षेत्राचा. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. तीन-साडेतीन एकरांवर कुटुंब जगवायचे की बैलजोडी, हा प्रश्न ज्याच्यापुढे आहे त्याला भावनेची भाषा ऐकविणे क्रूरपणाचे होईल.

चौथा बदल गोठ्यातला. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम स्थापन केला आणि त्याची धुरा मणिभाई देसाई यांनी वाहिली. त्यांनी १९६७ मध्ये ‘बायफ’ ही संस्था उभारली. शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतनाची सोय पोहोचविणारे हे कार्य ऋषितुल्य होते. संकरित गाईने हजारो घरांत दर आठवड्याला रोख पैसा आणला, मुलींची शिक्षणे केली. हे ऋण नाकारता येत नाही. पण तिचा गोऱ्हा उन्हात कामाला टिकत नाही, तिला हिरवी वैरण आणि पेंड सतत लागते आणि दुधाचा भाव पडला की तोच शेतकरी सर्वांत आधी बुडतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख भरला. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे दहा टक्के होती. देशपातळीवर संकरित गाई वाढल्या आणि देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला. शेणखत घटले की माती निकृष्ट होते, हे सांगावयास तज्ज्ञ नको. कोरडवाहू पिकाला हेक्टरी पाच टन शेणखत द्यावे अशी शिफारस वाचून शेतकरी विचारतो, ते आणावयाचे कोठून?

याचे उत्तर एका इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्याच शेतकऱ्याकडून शिकून जगाला दिले होते. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये संशोधन करीत होते. काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून खत करण्याची त्यांची ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली. भारतीय शेतकऱ्याला त्यांनी आपला गुरू मानले. पाश्चात्त्य जगातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक मूळ असे मराठी राज्यकर्त्यांच्या नगरीत सापडते.

श्रद्धेला व्यवहाराची जोड

गोवंशरक्षणासाठी राज्याने काही महत्त्वाची पावले टाकली आहेत. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या पशुसंरक्षण दुरुस्ती विधेयकाला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांनाही संरक्षण लाभले. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून गौरविण्यात आले आणि नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. २०१४ पासून बंद पडलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला. खिलार खोंडाला पुन्हा मागणी आली.

ही पावले स्वागतार्ह आहेत. पण येथेच थांबून भागणार नाही. कायद्याने वध थांबतो. दावणीला वैरण कायद्याने येत नाही. अनुदान गोशाळेला मिळते. म्हातारा बैल दाराशी सांभाळणाऱ्या तीन एकरवाल्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळते? शर्यतीचा मान पळणाऱ्या मोजक्या बैलांना मिळतो. त्यांना जन्म देणाऱ्या गाईच्या चाऱ्याचा खर्च कोणी विचारत नाही. खरा गोरक्षक तो शेतकरी आहे. त्याची दावण मोकळी झाली, तर गोशाळा कितीही वाढल्या तरी गाय शेतीपासून तुटलेलीच राहील. गोभक्तांनी हा प्रश्न इतरांनी विचारण्याची वाट पाहू नये. तो स्वतःलाच विचारला पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. देशी गाय म्हटली की पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत गीरचेच नाव निघते. गीर उत्तम गाय आहे. पण ती सौराष्ट्राची. मावळच्या पावसात डांगी, माणदेशात खिलार, लातुरात देवणी हीच त्या मातीची लेकरे. स्वदेशीचा अर्थ आपल्या पायाखालच्या मातीपासून सुरू होतो. ज्या प्रदेशात गोशाळा, त्या प्रदेशाचाच गोवंश तेथे असावा आणि जातिवंत वळू आसपासच्या गावांना उपलब्ध व्हावा, एवढा नियम जरी गोशाळांनी पाळला तरी मोठे काम होईल.

शहराने काय करावे?

पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हातात यातले काय आहे? बरेच काही. घरात आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकरी होऊ लागली, तर त्या ज्वारीमागे कडबा आपोआप उभा राहतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले; त्याचा उत्साह वर्षापुरता राहू नये. मुळशीचा आंबेमोहोर, मंगळवेढ्याची ज्वारी ही उत्पादकाकडून थेट घेता येतात. सोसायटीच्या बागेसाठी रासायनिक खताच्या पिशवीऐवजी जवळच्या गोठ्यातील शेणखत योग्य दाम देऊन घेतले, तर शेणालाही किंमत येते. आणि गावाकडे घर-जमीन असलेल्यांनी आपल्या गावच्या गायरानाचे काय झाले, याची चौकशी अवश्य करावी. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिले आहेत. गायरान गेले तर गाय राहणार कोठे?

समाजाने ठरविले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण शहरापासून फार दूर नाही. १९७२ चा दुष्काळ पाहून पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. देवस्थानची जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडविले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार साकारला. पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात वाटावयाचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. ऊस वर्ज्य केल्याबरोबर तेच पाणी धान्याला, भाजीपाल्याला आणि चाऱ्याला पुरू लागले. शेजारी शेजाऱ्यासाठी आपला लोभ आवरतो, तेव्हा कोरड्या माळावरही शिवार आणि गोठा एकत्र नांदू शकतात.

महाराष्ट्राच्या प्रत्येक प्रदेशाने आपले पीक आणि आपले जनावर शतकांच्या अनुभवातून निवडले आहे. ती निवड पुन्हा समजून घेण्यासाठी एखाद्या सुटीत मुलांना घेऊन राजूरचे प्रदर्शन, माळेगावची यात्रा किंवा सांगोल्याचा जनावरांचा बाजार अवश्य पाहावा. तेथील शेतकऱ्याशी बोलावे आणि यंदा वैरण किती आहे, हे त्याला आधी विचारावे. पुण्याच्या घराघरांतून एवढे घडले, तर पुढच्या पिढीला वसुबारसेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.